एका शब्दाचे गोत्र : लुवियन भाषेतील घोडा



व्याख्यानमालेतील इतिहासाचे व्याख्यान म्हटले की एखादे साम्राज्य, एखादी लढाई अथवा एखादा थोर पुरुष, असा काही विषय आपणांस अपेक्षित असतो. आजचा माझा विषय याहून पुष्कळच लहान आहे. तो एक शब्द आहे, आणि तोही मराठीतला अथवा संस्कृतातला नव्हे. आज जिला आपण तुर्कस्तान म्हणतो त्या भूमीवर तीन-चार हजार वर्षांपूर्वी बोलल्या जाणाऱ्या लुवियन नावाच्या भाषेतला तो आहे. ही भाषा केव्हाच मृत झाली. तिच्या उपलब्ध शिलालेखांपैकी अगदी शेवटचे लेख सुमारे २,७०० वर्षांपूर्वी कोरलेले आहेत. त्यानंतर ती कोणाला वाचताही येईना.

असा शब्द तुमच्यापुढे आणण्याचे प्रयोजन काय? शब्दाचा अर्थ आहे घोडा, आणि त्याचा उच्चार प्रथम वाचला गेला तो साधारण ‘असु’, ‘असुव’ असा. हे ऐकताच आपल्या मनात काय येते ते मी सांगायला नको. ‘हा तर आपला अश्व!’ आणि लागोपाठ दुसरा विचार येतो : ‘म्हणजे आपलाच शब्द तिकडे गेला!’ यांपैकी पहिला उद्गार खरा आहे. दुसरा खरा आहे की नाही, हे ठरविण्यासाठी विद्वानांना कित्येक दशके खपावे लागले. त्या तपासाची हकीकत मी सांगणार आहे. शब्दाचे नाते ओळखणे आणि शब्दाची मालकी सांगणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की इतिहास बिघडतो, हे या लहानशा शब्दाच्या निमित्ताने स्पष्ट होते.

प्रथम या लोकांची ओळख करून घेऊ. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात आशिया मायनरच्या मध्यभागी हिटाइट लोकांचे बलाढ्य राज्य होते. त्यांची राजधानी हत्तुसा. बोगाझकोई गावाजवळ तिचे अवशेष आहेत. ह्यूगो विंक्लर या जर्मन संशोधकाने १९०६ साली तेथे उत्खनन सुरू केले, आणि मातीच्या भाजक्या विटांवर कीलाक्षर लिपीत लिहिलेले राजदप्तरच हाती लागले. १९१५ साली बेद्रझिख ह्रोझनी या चेक पंडिताने त्या दप्तराची भाषा उलगडली. ती संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्याच कुळातली निघाली. पाण्याला ते लोक ‘वातर’ म्हणत, हे कळल्यावर कोणाला नवल वाटले नसेल! या हिटाइटांच्या दक्षिणेस आणि पश्चिमेस जे लोक राहत, त्यांची भाषा लुवियन. ती हिटाइट भाषेची सख्खी बहीण. हत्तुसाच्या दप्तरात तिचे मंत्र आणि विधी काही ठिकाणी आढळतात. पण तिचे खरे भांडार आहे ते दगडांवर कोरलेल्या चित्रलिपीत. इसवी सनापूर्वी ११८० च्या सुमारास हत्तुसा ओस पडली, तरी दक्षिणेकडील लहान राज्यांनी ही चित्रलिपी पुढे चारशे-पाचशे वर्षे चालविली. युफ्रेटिसच्या काठचे कार्केमिश, सीरियातले हमा, डोंगराळ मालात्या, अशा ठिकाणी ते लेख सापडतात.

आता गंमत अशी की, घोडा हा या लोकांच्या वैभवाचा कणा. रथांच्या जोरावर त्यांनी लढाया मारल्या. घोडे कसे तयार करावेत यावर त्यांच्या दप्तरात हजाराहून अधिक ओळींचा ग्रंथ आहे. असे असूनही घोड्याला ते काय म्हणत हे शोधणे मात्र फार कठीण गेले. याचे कारण त्यांच्या लेखकांच्या सवयीत आहे. घोड्याचा शब्द अक्षरांनी लिहिण्याऐवजी ते सुमेरियन लोकांकडून आलेला एक ठराविक चिन्हसमूह वापरीत. त्याचा सुमेरियन अर्थ होतो ‘डोंगरी मुलखातले गाढव’. मेसोपोटेमियातल्या लोकांनी गाढव आधी पाहिले होते आणि घोडा मागाहून डोंगरांपलीकडून आला, म्हणून हे नाव पडले.

आपल्या आकड्यांचा दाखला घ्या म्हणजे हे ध्यानात येईल. कागदावर मी ‘५’ लिहिले तर तुम्ही ‘पाच’ वाचाल, गुजराती माणूस ‘पांच’ वाचील, तेलुगू माणूस ‘अयिदु’ म्हणेल. अर्थ सर्वांना कळला, पण लिहिणाऱ्याच्या तोंडात कोणता शब्द होता हे त्या आकड्यावरून सांगता यायचे नाही. मात्र मी ‘५ वा’ असे लिहिले, तर शेवटच्या ‘वा’वरून थोडासा सुगावा लागतो. हिटाइट लेखकही कधीकधी त्या चिन्हसमूहाच्या शेवटी प्रत्यय जोडीत. त्यावरून त्यांचा घोडा उकारान्त असावा एवढे कळते. बाकीचा शब्द चिन्हाच्या पडद्याआडच राहिला.

लुवियन चित्रलिपीतही तीच अडचण, फक्त अधिक देखणी. तेथे घोड्यासाठी घोड्याचे मुंडकेच काढीत. आयाळ, कान, सगळे व्यवस्थित. ते पाहून अर्थ कोणालाही कळावा, पण उच्चार कसा कळणार? कोरणाऱ्याने चित्राच्या जोडीला ध्वनिचिन्हे दिली असतील तेव्हाच शब्द ऐकू येणार. अशी स्थळे मोजकीच. म्हणून घोडा सर्वत्र असूनही घोड्याचा शब्द दुर्मिळ.

त्यात ही लिपी वाचायची कशी हाही प्रश्न होताच. हमा शहरातील कोरीव दगड योहान लुडविग बर्कहार्ट या प्रवाशाने १८१२ साली पाहिले होते, परंतु पुढची साठ वर्षे त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८८० साली आर्चिबाल्ड सेस या इंग्रज पंडिताने एका चांदीच्या मुद्रेकडे लक्ष वेधले. तिच्या कडेने कीलाक्षरांत राजाचे नाव होते आणि मध्यभागी राजाच्या आकृतीशेजारी चित्रलिपीत तेच नाव. त्या नावात एका प्राण्याचे मुंडके होते. ते गाढवाचे. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९९८ साली, डेव्हिड हॉकिन्स यांनी ते नाव ‘तर्कस्नाव’, मीरा देशाचा राजा, असे निश्चित केले, आणि इझमीरजवळच्या काराबेल खिंडीतील खडकावर कोरलेला राजाही हाच, हे दाखविले. ‘तर्कस्न’ म्हणजे लुवियन भाषेत गाढव. अशा रीतीने गाढवाचा शब्द मुद्रेने दिला. घोड्यासाठी मात्र दुसऱ्या एका स्थळी जावे लागले.

ते स्थळ म्हणजे दक्षिण तुर्कस्तानातील कारातेपे. काळी टेकडी, असा या नावाचा अर्थ. जवळून जेहान नदी वाहते. १९४६ साली हेल्मुट बोसर्ट हे प्राध्यापक आणि त्यांच्या सहकारी हालेत चांबेल या विदुषी तेथे जाऊन पोहोचल्या. त्या भागातील एका शाळामास्तराने सांगितले होते की, रानात सिंहाचा दगड आहे. पुढच्या वर्षी उत्खनन सुरू झाले आणि एका गढीचे दोन दरवाजे उघडे पडले. दोन्ही दरवाजांच्या भिंतींवर एकच मजकूर दोन भाषांत कोरलेला होता, एकदा फिनिशियन लिपीत आणि एकदा लुवियन चित्रलिपीत. फिनिशियन भाषा हिब्रूची जवळची नातलग, त्यामुळे ती वाचता येत होती. अझतिवद नावाच्या सत्ताधीशाने आपण गढी कशी बांधली, प्रजेला सुख कसे दिले, शत्रूंना कसे नमविले, हे त्यात सांगितले आहे. या विद्येचे अभ्यासक पाऊणशे वर्षे ज्या द्विभाषी लेखाची वाट पाहत होते तो हा लेख. हालेत चांबेल यांनी तर पुढचे अर्धशतकाहून अधिक आयुष्य या टेकडीलाच वाहिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीत उतरलेली ही बाई २०१४ साली, सत्त्याण्णव वर्षांची होऊन, निवर्तली.

तथापि दोन्ही मजकूर हाती आले म्हणजे काम झाले असे नव्हे. फिनिशियन मजकुराचे कोणते वाक्य चित्रलिपीतल्या कोणत्या भागाशी जुळते हे समजेना, कारण चित्रलिपीचे दगड क्रमाने लावलेले नव्हते. बोसर्ट यांच्या मंडळींत फ्रान्झ स्टाइनहेर नावाचे एक गृहस्थ होते. व्यवसायाने हिशेबनीस, पण इस्तंबूलमध्ये बोसर्ट यांच्या व्याख्यानांना बसता बसता या विद्येच्या नादी लागलेले. सी. डब्ल्यू. सेराम या लोकप्रिय लेखकाने त्यांची एक हकीकत सांगितली आहे. फिनिशियन मजकुरात अझतिवद म्हणतो की, देवांच्या कृपेने मी घोड्यांत घोड्यांची, ढालींत ढालींची आणि सैन्यात सैन्याची भर घातली. एके रात्री अर्धवट झोपेत असताना स्टाइनहेर यांना हे वाक्य आठवले, आणि त्याच क्षणी दिवसा पाहिलेल्या चित्रलिपीतील एक जागा डोळ्यांसमोर आली. तेथे घोड्याची दोन मुंडकी जवळजवळ होती! घोड्यावर घोडा! ते ताडकन् उठले. दोन मजकुरांची गाठ पडली ती अशी.

कारातेपेच्या या घोड्यांच्या जोडीला ध्वनिचिन्हे होती. फिनिशियन शब्द ‘सुस’ म्हणजे घोडा, याविषयी शंका नव्हती. म्हणून समोरच्या लुवियन शब्दाचा अर्थ पक्का झाला. आणि चिन्हे जुळवून जो उच्चार निघाला तोच हा, ‘असु’, ‘असुव’.

येथे आपल्या तपासाचा पूर्वार्ध संपतो. अर्थ कळला. आता प्रश्न कुळाचा.

संस्कृत ‘अश्व’शी साम्य तर डोळ्यांत भरण्यासारखे होते. अडचण अशी की, हे साम्य अपेक्षेहून अधिक होते. या भाषाकुळात घोड्याचा शब्द पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. लॅटिनमध्ये ‘एक्वुस’, जुन्या आयरिशमध्ये ‘एख’, मध्य आशियातल्या तोखारी भाषेत ‘यक्वे’, अवेस्ती भाषेत ‘अस्प’, लिथुआनियनमध्ये घोडीला ‘अश्वा’. पाश्चात्त्य शाखांत ज्या जागी ‘क’ दिसतो त्या जागी संस्कृतात, इराणीत, लिथुआनियनमध्ये श-स सारखा ध्वनी आहे. शंभर या संख्येच्या शब्दावरून विद्वानांनी या दोन गटांना ‘केन्तुम्’ आणि ‘शतम्’ अशी नावे दिली होती. हिटाइट भाषा ‘क’ जपणारी, म्हणजे केन्तुम् गटातली. मग तिच्या सख्ख्या बहिणीत, लुवियनमध्ये, घोड्याच्या पोटात हा ‘स’ कोठून आला?

उत्तर जवळच मिळण्यासारखे होते. हिटाइटांच्या आग्नेयेला, उत्तर सीरिया आणि उत्तर मेसोपोटेमियात, मितन्नी नावाचे राज्य होते. त्या राज्याचा शत्तिवझ आणि हिटाइट राजा पहिला शुप्पिलुलिउमा यांच्यात इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात झालेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांना साक्षी ठेवले आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. मघाशी ज्या अश्वशिक्षणाच्या ग्रंथाचा उल्लेख केला त्याचा कर्ता किक्कुली हाही मितन्नीचाच. त्या ग्रंथात घोड्यांच्या फेऱ्यांना ‘ऐकवर्तन’, ‘तेरवर्तन’, ‘पंझवर्तन’, ‘सत्तवर्तन’ असे शब्द आहेत. एक, तीन, पाच, सात. त्याच्या हुद्द्याचे नाव ‘अश्शुश्शन्नि’, आणि त्याच्या पूर्वार्धात अश्व दडला आहे असे बहुतेक विद्वान मानतात. ईजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या पत्रव्यवहारात ‘बिरिदश्व’ नावाचा एक संस्थानिक भेटतो. त्याच्या नावात तर अश्व उघडच आहे. तेव्हा रथ आणि घोडे यांच्या विद्येत मितन्नी गुरू, हिटाइट आणि लुवियन शिष्य; आणि शिष्याने विद्येबरोबर शब्दही उचलला, असा तर्क कित्येक जाणत्या विद्वानांनी केला. तो तर्क मुळीच वेडगळ नव्हता. आपल्याकडे इंग्रजांबरोबर ‘स्टेशन’ आले तसे तिकडे मितन्नींबरोबर ‘अश्व’ आला, एवढेच त्याचे म्हणणे.

पण तर्क सुंदर असला तरी त्याला कसोटी लावावी लागते. ही कसोटी मराठी माणसाला समजायला सोपी आहे. आपल्या भाषेत ‘हात’ आहे आणि ‘हस्त’ही आहे. ‘शेत’ आहे आणि ‘क्षेत्र’ही आहे. दोन्ही जोड्यांचे मूळ एकच. पण ‘हात’ आणि ‘शेत’ हे शब्द आईच्या तोंडून मुलाच्या तोंडी, असे शेकडो पिढ्या झिजत आले. ‘हस्त’ आणि ‘क्षेत्र’ हे पोथीतून उचलून घेतलेले, म्हणून कोरे करकरीत. झिजण्याचेही नियम असतात. ‘हस्त’चा ‘हात’ झाला, तसा ‘सप्त’चा ‘सात’, ‘कर्म’चे ‘काम’. शब्द घरचा की उसना हे त्याच्या अंगावरच्या झिजेवरून ओळखावे. आता लुवियन घोड्याला हीच कसोटी लावायची. त्याच्या अंगावर लुवियन तोंडाची झीज दिसते, की मितन्नीचा कोरेपणा?

या कसोटीसाठी आधी ती लिपी अचूक वाचता यायला हवी होती, आणि तेथे एक मोठी दुरुस्ती घडून आली. पूर्व तुर्कस्तानात अल्तिन्तेपे येथे उरार्तू राज्याच्या काळचे मोठमोठे रांजण सापडले. त्यांवर किती माप माल मावतो हे लिहिलेले होते, आणि मापांची उरार्तू नावे लुवियन चित्रलिपीत होती. उरार्तू भाषेतले माप ओळखीचे असल्यामुळे चिन्हांचे खरे उच्चार पडताळून पाहता आले. इतर पुराव्यांबरोबर याचाही आधार घेऊन १९७३ च्या सुमारास डेव्हिड हॉकिन्स, ॲना मॉरपर्गो डेव्हिस आणि ग्युंटर नॉयमान यांनी दाखवून दिले की, ज्या दोन फार वापरातल्या चिन्हांना आजवर ‘इ’ आणि ‘ई’ समजत होते ती वस्तुतः ‘त्सि’ आणि ‘त्स’ आहेत. धान्याच्या रांजणांनी व्याकरण सुधारावे असा हा प्रकार! या दुरुस्तीमुळे चित्रलिपीतली भाषा आणि कीलाक्षरांतली लुवियन भाषा या जवळजवळ एकच आहेत हेही उघड झाले. पुढे घोड्याच्या शब्दातील चिन्हाचाही पुन्हा विचार झाला, आणि पूर्वी ‘असु’ वाचीत ते आज पुष्कळ विद्वान ‘अत्सु’ असे वाचतात.

‘त्स’ हा ध्वनी आपणांस परका नाही. ‘चाक’, ‘चोर’, ‘चूल’ या शब्दांतला आपला च, म्हणजे ‘चंद्र’मधला नव्हे, तो जवळजवळ हाच. हा ध्वनी लुवियन भाषेत आणखी कोठे येतो ते पाहू. ‘पडून आहे’ याला हिटाइट भाषेत ‘कित्ता’, ग्रीकमध्ये ‘केइताइ’, संस्कृतात ‘शेते’, लुवियनमध्ये ‘त्सियरि’. हृदयाला लॅटिनमध्ये ‘कोर्द्’, हिटाइटमध्ये ‘कर्द’, लुवियनमध्ये ‘त्सर्त’. आपल्या ‘श्रद्धा’ शब्दातला ‘श्रद्’ हाही याच घराण्यातला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे कुत्रा. कार्केमिशच्या एका शिलालेखात, लेख बिघडविणाऱ्याला देवीची कुत्री खावोत, असा शाप आहे. त्या कुत्र्याला लुवियन शब्द आहे ‘त्सुवनि’. ग्रीकमध्ये ‘क्युओन’, संस्कृतात ‘श्वन्’.

आता ‘श्वन्’ आणि ‘त्सुवनि’ शेजारी ठेवा. त्यांच्याखाली ‘अश्व’ आणि ‘अत्सुव’ ठेवा. जेथे संस्कृतात ‘श्व’ तेथे लुवियनमध्ये ‘त्सुव’. दोन्ही ठिकाणी एकच नियम. पडून राहणे, हृदय, कुत्रा, हे शब्द कोणी रथविद्येबरोबर उसने घेत नाही. ते घरचेच असतात. घरच्या शब्दांना जी झीज लागली तीच घोड्याला लागली आहे. म्हणजे घोडाही घरचा.

मग लुवियन भाषा ‘शतम्’ गटातली ठरली का? तेही नाही. ‘कोण’ या अर्थाच्या शब्दाला लॅटिनमध्ये ‘क्विस’. तिथला ‘क्व’ संस्कृतात ‘कः’ होऊन आपला ओष्ठ्य अंश गमावून बसला. लुवियनने मात्र तो ‘कुइ’ असा राखला. क्रेग मेल्चर्ट या अमेरिकन विद्वानाने १९८७ साली याची साधार मांडणी केली. मूळ भाषेत तीन प्रकारचे क होते. केन्तुम् शाखांनी त्यांतले दोन एकत्र केले, शतम् शाखांनी निराळे दोन एकत्र केले, आणि लुवियनने तिन्ही वेगवेगळे ठेवले, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे ज्या दोन गटांत सारे जग वाटून टाकले होते, त्यांपैकी एकातही ही भाषा बसत नाही. घोड्यातला तो संशयास्पद ‘स’ परक्याची खूण नसून लुवियनचेच स्वतःचे वळण होते.

काळाचा पुरावाही याच बाजूला झुकतो. आशिया मायनरच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर लिसियन नावाची भाषा होती. ती लुवियनची निकटची बहीण. तिच्यात घोड्याला ‘एस्बे’ म्हणत. क्सान्थोस येथील प्रसिद्ध स्तंभावर घोडदळाच्या संदर्भात तो शब्द येतो. लिसियन आणि लुवियन या दोघींनी आपापल्या नियमांनी हा शब्द घडविला, म्हणजे त्या वेगळ्या होण्यापूर्वीच तो त्यांच्या घरात असला पाहिजे. आणि कुल्तेपे येथे सापडलेल्या असीरियन व्यापाऱ्यांच्या विटांवर इसवी सनापूर्वी एकोणिसाव्या शतकाच्या आगेमागेच लुवियन धाटणीची नावे दिसतात. मितन्नीचा उदय त्याच्या तीन-चारशे वर्षांनंतरचा. बाप जन्मण्यापूर्वी मुलाचे बारसे व्हावे, तशातला हा प्रकार होईल.

उसनवारीचा पक्ष अगदी नामशेष झाला असे मी म्हणणार नाही. शब्दाची लेखी स्थळे थोडी, आणि चिन्हांच्या वाचनावर पुष्कळ अवलंबून, त्यामुळे काही विद्वान अजून हात राखून बोलतात. पण पुराव्याचे पारडे कोणत्या बाजूला जड आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच. शिवाय जे खरोखर उसने घेतलेले आहे ते लपत नाही, हेही ध्यानात घ्यावे. किक्कुलीच्या ग्रंथातले ‘ऐकवर्तन’ हिटाइट वाक्यात पाहुण्यासारखे उपरेच राहते. त्याला कोणी घरचे समजले नाही.

एका शब्दासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण या निर्णयावर एक मोठा प्रश्न टांगलेला आहे. लुवियनच्या पूर्वजांची शाखा मूळ कुळापासून सर्वांत आधी फुटली, असे आज बहुतेक मानतात, आणि ती घटना इसवी सनापूर्वी ३००० च्याही मागे नेतात. घोड्याचा शब्द जर घरचा, तर त्या फाटाफुटीपूर्वी सर्वांचे समाईक पूर्वज घोडा ओळखत होते. तो उसना असता तर हे विधान करता आले नसते. इकडे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले की, आजच्या सर्व पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यातल्या गवताळ प्रदेशात आहे, आणि तेथून ते इसवी सनापूर्वी २००० च्या सुमारास दूरदूर पसरले. म्हणजे रथाला जुंपलेला घोडा पुष्कळ मागाहूनचा, आणि शब्द त्याच्या आधीचा. त्या पहिल्या लोकांनी ‘अश्व’ म्हटले ते बहुधा रानातल्या कळपाकडे पाहून. लगाम नंतर आला. घोडा आणि रथ यांच्या प्रसाराची कथा व भाषांच्या प्रसाराची कथा एकाच दोरीत ओवू नयेत, हा धडा या लहान शब्दाने दिला.

आता अखेर आपल्या घराकडे वळू. ‘आपला अश्व तिकडे गेला’ असे म्हणणाऱ्या आपण मराठी माणसांनी तो आपल्याकडे कसा आला हे कधी पाहिले आहे काय? आपल्या नित्याच्या बोलण्यात अश्व नाही, घोडा आहे. हा ‘घोटक’ ऋग्वेदात सापडत नाही, आणि तो मुळात आर्येतर भाषांतून आला असावा असे अनेकांचे मत आहे. ‘अश्वारूढ’, ‘अश्वमेध’ हे शब्द आपण पोथीतून घेतले. ‘हस्त’ आणि ‘क्षेत्र’ यांच्या पंक्तीचे, म्हणजे उसनेच. प्राकृतात ‘अस्स’ होता. तो मराठीपर्यंत येता येता नाहीसा झाला. त्याची झिजलेली खूण पाहायची असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात जावे लागेल. अश्वगंधेला आपल्याकडे ‘आसंध’ म्हणतात. त्या मुळीच्या नावात तेवढा तोंडातोंडांतून आलेला अश्व उरला आहे. दुसरी खूण आणखी मौजेची. ‘स्वार’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. त्याचे प्राचीन इराणी रूप ‘असबार’, म्हणजे घोड्याने वाहून नेलेला. सम्राट दारयवहूने नक्श-इ-रुस्तम येथील शिलालेखात आपण उत्तम ‘असबार’ आहोत असे अभिमानाने सांगितले आहे. तेव्हा ‘घोडेस्वार’ म्हणताना आपण घोडा दोनदा म्हणतो. एकदा कोणत्या तरी अज्ञात भाषेतला आणि एकदा इराणचा. शिवकालापासून आपल्या पराक्रमाशी निगडित झालेल्या या शब्दात आपला असा अश्व एकही नाही, आणि त्यामुळे त्या पराक्रमाला काडीचाही उणेपणा येत नाही.

उलट कारातेपेच्या दारावरचा तो घोडा पाहा. त्याचा शब्द त्या लोकांनी कोणाकडून मागून आणला नव्हता. आजीकडून आईला आणि आईकडून लेकाला, असा तो त्यांना मिळाला होता. तोच वारसा दुसऱ्या वाटेने वेदांतल्या ऋषींना मिळाला. अझतिवदाचा ‘अत्सु’ आणि ऋषींचा ‘अश्व’ हे बाप-लेक नव्हेत, धनको-ऋणको नव्हेत. ते भाऊ आहेत, फार पूर्वी वाटण्या होऊन दूर गेलेले. दूरच्या देशात असा भाऊ भेटला तर त्याला आपले नाव सांगून खाली बसवायचे नसते. त्याचे नाव विचारायचे असते. ते नाव आपणांस कळले याचे श्रेय मात्र एका झोपमोड झालेल्या हिशेबनिसाला, टेकडीवर जन्म घालविणाऱ्या एका विदुषीला आणि धान्याच्या रांजणांवरची मापे काळजीपूर्वक वाचणाऱ्यांना आहे.